शी मोजलीस, शू मोजलीस का?

डोंबिवलीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं. मे महिन्यात ती ७ महिन्यांच्या मुलाला घेऊन गुहागर तालुक्यातल्या सासरी गेली. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाळाला उलट्या आणि पाण्यासारखी शी सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, दात येतायत, अंगावरचं दूध जड पडेल तर ते जरा बंद ठेव, आणि स्वतः शहाळ्याचं पाणी पाजत राहिल्या. हिने नाक्यावरच्या दुकानातून 'ओआरएसच आहे' म्हणून मिळालेला टेट्रापॅक पाजला. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या टाळू बसलीय, आणि टाळूवर तेल थापलं. मग ही भांडून बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथे सलाईन लावलंच नाही, वाटी-चमचा हातात देऊन ४ तास ओआरएस पाजत बसवलं. बाळ बरं झालं. पण आता गणपतीला परत जायचा विषय निघालाय, बाळ तेव्हा ११ महिन्यांचं असेल, आणि ती म्हणते की जिथे ना धड पाणी ना धड डॉक्टर तिथे मी बाळाला नेणार नाही. नवरा म्हणतो बाऊ करतेस. सासूबाई फोनवर जेवढ्यास तेवढं बोलतात. 'ताई, माझं चुकतंय का?'

पत्रात ताई म्हटलंयस म्हणून मीही सरळ तूच म्हणते. तुझं चुकलं की सासूबाईंचं हा निवाडा मी करत बसणार नाही, कारण पत्र नीट वाचलं तर दोघींचं थोडं थोडं बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे जे बरोबर होतं नेमका त्याचाच तुला राग आलाय.

आधी सलाईनचं बघू. तू लिहितेस, 'आम्हाला सिरियसली घेतलंच नाही, मीठसाखरेचं पाणी पाजत बसवलं, इथे असतो तर लगेच ऍडमिट करून सलाईन लावलं असतं.' अगं लावलं असतं कदाचित, आणि बिलही लावलं असतं. पण त्या डॉक्टरांनी जे केलं तीच ट्रीटमेंट आहे, टाळाटाळ नाही. बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय पण बाळ शुद्धीत आहे आणि तोंडाने घेतंय, अशा वेळी ठरलेला हिशोब असतो, वजनाच्या किलोमागे ७५ मिली ओआरएस, ४ तासांत, आणि तेही दवाखान्यात डोळ्यांसमोर बसवून. तुझं बाळ ८ किलोच्या आसपास धरलं तर झाले ६०० मिली. चमचा ५ मिलीचा धरला तर १२० चमचे, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक चमचा, सलग ४ तास. म्हणून तुला उठू दिलं नाही. बाटलीने किंवा पेल्याने घटाघटा पाजलं असतं तर पोट एकदम ताणून सगळं बाहेर आलं असतं, चमच्याने दिलं की उलटी झाली तरी बरंचसं आत राहतं. उलटी झालीच तर १० मिनिटं थांबायचं आणि परत सुरू करायचं, आधीपेक्षा सावकाश. हे काम नर्स करू शकत नाही, तिच्याकडे अख्खी ओपीडी असते, हे आईलाच जमतं नाहीतर आजीला.

आणि मीठसाखरेचं पाणी म्हणून नाक मुरडू नकोस हं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. जिथे शंभरातली तीसेक माणसं दगावत होती तिथे तो आकडा चारच्याही खाली आला. सरकारला त्यांना पद्मविभूषण द्यायला २०२३ उजाडलं, तेही ते गेल्यानंतर, असो. यामागचं कारण साधं आहे. आपल्या आतड्यात ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने आत ओढून घेतलं जातं आणि त्यांच्या मागोमाग पाणी येतं, आणि जुलाबात बाकी कितीही बिघडलं तरी ही वाट बहुतेक वेळा चालू राहते. अट एकच, दोघांचं प्रमाण बरोबर पाहिजे. लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम. साखर फार झाली की उलट आतड्यात पाणी ओढलं जातं आणि शी अजून पातळ होते.

आता कळलं ना त्या टेट्रापॅकने काय केलं असेल? त्यातले बरेचसे म्हणजे फळाच्या चवीचं गोड सरबत, साखर भरपूर, मीठ नावाला. अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, बंदी घातली, पण दुकानदाराच्या तोंडातलं नाव बदलायला वेळ लागणारच, तू 'ओआरएस द्या' म्हटलंस तर त्याने फ्रीजमधून काढून दिलं, त्यालाही ते बाळासाठीच चांगलं वाटत असणार. म्हणून पावडरचंच पॅकेट घ्यायचं आणि त्यावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय का ते वाचायचं. मोठं पॅकेट १ लिटर पाण्याचं असतं, लहान २०० मिलीचं. मोठं पॅकेट अंदाजाने अर्धं करून पेल्यात टाकायचं नाही, हे मी ओरडून सांगते, कारण घट्ट झालं तर मीठ जास्त होतं आणि लहान बाळाला ते बाधतं. पाणी आधी उकळून गार करायचं आणि मग पावडर, पावडर टाकून उकळायचं नाही, वरून साखर नाही, दूध नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. पॅकेट काही महाग नसतं, आशाताईकडे तर फुकट मिळतं, कंजूषी करू नका त्यात.

शहाळ्याबद्दल तुला वाटतं सासूबाईंनी विष पाजलं, तसं काही नाहीये. शहाळ्यात पोटॅशियम चांगलं असतं पण सोडियम फार कमी, आणि जुलाबात बाळ सोडियम बरंच गमावतं, त्यामुळे ओआरएसच्या जागी ते चालत नाही एवढंच. वरचं खाणं सुरू झालेल्या बाळाला ओआरएस चालू असताना चार चमचे दिले तर काही बिघडत नाही. कोकम सरबत मात्र नको, साखर असते. आणि एक गोष्ट तुझ्या सासूबाईंच्या चुलीवर रोज सकाळी होत असेल जिच्याकडे दोघींनीही बघितलं नाही, ती म्हणजे पेज! उकड्या तांदळाची पातळ पेज, गाळून, चिमूटभर मीठ, चव घेऊन बघायची, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. ६ महिन्यांवरच्या बाळाला जुलाबात घरी द्यायला ही खरंच उत्तम आहे, दवाखान्यात जाईपर्यंतच्या रस्त्यातसुद्धा. पॅकेट अजिबातच मिळालं नाही तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, पण हे अगदीच नाइलाज असेल तेव्हा, कारण घाबरलेल्या माणसाचा चमचा कधी सपाट राहत नाही.

आता मुख्य मुद्दा. पत्रात शीचा अख्खा हिशोब दिलायस, किती वाजता, कितीदा, हिरवट की पिवळी, फेस होता का, आणि शूबद्दल एक अक्षर नाही. बहुतेक आया असंच करतात, माझ्या दवाखान्यात येणाऱ्या दहातल्या नऊ मोबाईलमधला शीचा फोटो आधी दाखवतात. पण जुलाब किती झाले यावरून बाळ किती सुकलंय ते कळत नाही, ते शूवरून कळतं. आणि तुझं बाळ डायपरमध्ये होतं. आजकालचे डायपर इतके पितात की शू झाली की नाही हे हाताला कळतच नाही, त्यात पाण्यासारखी शी मिसळली की संपलंच. म्हणून आजारपणाचे दोन-चार दिवस डायपर काढ आणि सुती लंगोट बांध, सासूबाईंच्या ट्रंकेत असतीलच मऊ झालेल्या लुगड्याचे. लंगोट नको असेल तर डायपरमध्ये पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेव, तो ओला झाला की शू झाली. ६ तासांत शू नाही म्हणजे फोनवर सल्ला विचारत बसायचं नाही, उठायचं आणि डॉक्टरकडे जायचं. शू गडद पिवळी, उग्र वासाची आणि थोडीशीच होत असेल तर ती आधीची पायरी, तिथेच ओआरएस वाढवायचं.

बाकीची चिन्हं एकेकटी फसवतात, एकत्र बघायची. तोंडात स्वच्छ बोट घालून बघ, लाळ बुळबुळीत आहे की जीभ चिकट कोरडी. रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, पण हे अगदी तान्ह्या, पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला लावू नकोस, त्यांना मुळातच अश्रू येत नाहीत. डोळे खोल गेलेत का, आणि हे आईपेक्षा घरच्या दुसऱ्या माणसाला आधी दिसतं. पोटावर, बेंबी आणि कुशीच्या मधोमध, कातडीची चिमूट घेऊन सोडायची, लगेच सपाट झाली तर ठीक, सावकाश बसली तर पाणी कमी झालंय, दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहिली तर गाडी काढा. गुटगुटीत बाळात मात्र ही चिमूट खोटं बोलू शकते, चरबीमुळे कातडी छान परत बसते आणि बाळ आतून सुकलेलं असतं.

आणि टाळू. इथे सासूबाईंचे मार्क त्यांना दे. टाळू बसणं हे अंगातलं पाणी कमी झाल्याचं खरंखुरं चिन्ह आहे, आम्हीही तपासताना पहिला हात तिथेच ठेवतो. तू थर्मामीटर घेऊन ताप मोजत होतीस तेव्हा त्यांनी नुसत्या हाताने ओळखलं. तेलाचा उपयोग शून्य, कवटीवरून पाणी आत जात नाही, पण रोग त्यांनी बरोबर पकडला आणि त्यामुळेच तू त्या सकाळी निघालीस, हे तुझ्याच पत्रात आहे. टाळू बघायची ती बाळ शांत आणि बसतं धरलेलं असताना, रडताना ती फुगते. शांत असतानाही फुगलेली आणि वर ताप, तर ते वेगळं दुखणं, तेही लगेच दाखवायचं. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरते, त्यामुळे मोठ्या मुलांत हे चिन्ह नाहीच, तिथे डोळे, जीभ, शू आणि वागणं.

वागण्यावर जरा थांबते. पाणी कमी व्हायला लागलं की बाळ आधी चिडचिडं होतं, काही केल्या गप्प बसत नाही, चमचा दिसला की झडप घालतं, वाटी ओढतं. घरात सगळे वैतागतात पण हे बाळ अजून लढतंय. भीती वाटायला हवी ती त्यानंतरच्या शांततेची. आई सांगते, 'रात्रभर रडत होतं, पहाटे एकदाचं झोपलं, म्हटलं झोपू दे.' ते बाळ झोपलेलं असतंच असं नाही, कधी कधी ते गळालेलं असतं. उचललं की मान सैल, हाक मारली की डोळे अर्धे उघडून परत मिटतात, चमचा ओठाला लावला तरी चोखत नाही. हातपाय गार. अशा वेळी ओआरएस ओतायचा प्रयत्न करायचा नाही, श्वासनळीत जाईल. इथे सलाईनच लागतं आणि मिनिटं मोजायची असतात, १०८ ला फोन करायचा आणि गाडी यायला वेळ लागेल असं म्हणाले तर शेजाऱ्याची रिक्षा, टेम्पो, जे असेल ते. शीत रक्त, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, आकडी, काहीही दिलं तरी उलटून टाकणं, ही सगळी याच रांगेत. आणि ३ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर जुलाब-उलटी सुरू झाल्याबरोबर डॉक्टर, घरी थांबून बघू हा प्रकारच नाही.

दातांमुळे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. त्या वयात बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात, आणि दातही नेमके तेव्हाच येतात म्हणून आळ दातांवर. अंगावरचं दूध कधीही बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं, त्यात साधारण ८८ टक्के पाणीच असतं. तुझ्यासारख्या इतर वाचकांसाठी सांगते, ६ महिन्यांच्या आतल्या धडधाकट बाळाला कोकणातल्या मेच्या उकाड्यातसुद्धा वरचं पाणी, ग्राइप वॉटर, घुटी काही लागत नाही, आणि त्या उकाड्यात टोपडं-मोजे घालून गुंडाळायचीही गरज नाही. जुलाब नसतानाही बाळ सुकू शकतं, नुसत्या तापाने, उन्हातल्या प्रवासाने, किंवा तोंड आलंय म्हणून पीत नसेल तर.

मेडिकलमधून शी थांबवायची गोळी मोठ्यांची अर्धी करून वगैरे देऊ नये, लहान मुलांत ती धोक्याची आहे. ओआरएसने शी थांबत नाही, ती आपली ५-७ दिवसांत थांबते, ओआरएस फक्त बाळाला सुकू देत नाही, त्यामुळे 'दोन दिवस पाजलं तरी जुलाब चालूच, म्हणजे गुण येत नाही' असं समजून बंद करू नका. २ वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २००. आणि झिंकची गोळी. ६ महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, चमच्यात दुधात नाहीतर पाण्यात विरघळवून. तुझ्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, दिली असणार, पण शी थांबल्यावर तूही बंद केली असशील असा माझा संशय आहे. पूर्ण १४ दिवस द्यायची असते, पुढच्या काही महिन्यांतले जुलाब त्याने कमी होतात.

आता गावाकडे वळू. तू धरून चाललीयस की सासरच्या विहिरीनेच घात केला. असेलही. मेमध्ये विहिरी तळ गाठतात, कुठे टँकर येतात, आणि जांभ्या दगडातून पाणी भराभर झिरपतं त्यामुळे संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या वर असेल तर ती घाण खाली यायला वेळ लागत नाही. पण तूच लिहिलंयस की गाडीत बाळाला बाटलीने वरचं दूध दिलं, बाटली घरून निघताना धुतली होती आणि थर्मासमधलं कोमट पाणी घालून परत भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या. असले विषाणू शरीरात शिरल्यावर १ ते ३ दिवसांनी त्रास सुरू करतात. म्हणजे पाहुणा डोंबिवलीहूनच सोबत आला असण्याची शक्यता बरीच आहे गं. बाटली सोडून दे, वाटी-चमच्याने पाज, हा एक बदल गावाला न जाण्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

मग गणपतीला जावं का? माझं मत, जा. धड डॉक्टर नाही म्हणतेस, पण ज्यांनी बाळाला बरं केलं ते तिथलेच ना. तयारीने मात्र जा. पाणी खळखळून उकळलेलंच, आणि ते काढायला दांड्याचा ओगराळा, पिंपात हात बुडवायचा नाही. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते का हे नवऱ्याने जाऊन विचारावं, बाऊ करतेस म्हणण्यापेक्षा एवढं काम त्याच्याकडे द्यायला हरकत नाही. गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं, जो येतो तो बाळाचा गाल ओढतो, बोट चोखायला देतो, खळ्यातून आत येऊन हात न धुता मांडीवर घेतो. पडवीत बादली, तांब्या आणि साबण ठेव, न बोलता काम होतं. सकाळचं उरलेलं दुपारी बाळाला नको, ताजा मऊ भात किंवा आटवल. आणि पंचामृत! वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि त्यात दूधही बहुतेक कच्चंच असतं. भटजींनी पळी पुढे केली तर तू तुझ्या हातावर घे, बाळाच्या कपाळाला लाव, देवाला चालतं. रोटाव्हायरसचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना दिले गेलेत का ते कार्डावर बघ, नसतील तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचार.

सासूबाईंशी बोलायचं तर माफी मागायची किंवा मागायला लावायची गरज नाही. त्यांना फोन करून सांग, की टाळूचं तुम्ही बरोबर ओळखलंत, डॉक्टरताईंनीही तेच सांगितलं, आणि पेज द्यायला हवी होती असं त्या म्हणाल्या. माझं नाव लाव खुशाल. पेजेचं ऐकून त्या तेलाचं आपणच सोडतील असा माझा अंदाज आहे. त्याच फोनमध्ये वाडीच्या आशाताईंचा नंबर त्यांच्याकडूनच मागून घे, आरोग्य केंद्रात रात्री कोण असतं तेही विचार, आणि ओआरएसची दोन पॅकेटं आधीच आणून फडताळात ठेवायला सांग. त्यांना जायला जमलं नाही तर त्या आशाताईंना घरी बोलावतील, वाडीत त्यांचं कोण ऐकत नाही?